औषधापूर्वीचा घास
(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, मोहोळ येथे केलेले भाषण)



वर्षभराच्या कार्याचा अहवाल आपण आत्ताच ऐकला. बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती, शस्त्रक्रिया या सर्वांची नोंद त्यात आली आहे. रुग्णालयाच्या कोणत्याही रकान्यात न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. ती म्हणजे रुग्णाच्या घरातील धान्याचा डबा.

काही वर्षांपूर्वी एक एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई मधुमेहावरील उपचारासाठी माझ्याकडे येत असत. औषध नियमित नेत. तरी दोन वेळा भोवळ येऊन पडल्या. मी त्यांना निष्काळजीपणाबद्दल बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कागदावर तुम्ही 'जेवणानंतर' लिवलंय. ज्या दिवशी जेवण नसतं, त्या दिवशी गोळी घ्यावी का न्हाई, ते लिवलं न्हाई." तो शब्द मी आयुष्यात हजारो वेळा लिहिला असेन. घरात जेवण आहे काय, असे मात्र मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

म्हणूनच समाजमंदिराच्या एका खोलीत धान्यकोठी सुरू करून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना व निराधार ज्येष्ठांना दरमहा शिधा द्यावा, हा जो ठराव आज सभेपुढे आहे, त्याला मी मनःपूर्वक अनुमोदन देतो.

ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. शेजारच्या मंगळवेढ्यात पंधराव्या शतकात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे धान्यकोठार उपाशी जनतेसाठी खुले केले, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. पांडुरंगाने त्या धान्याची किंमत भरली, हा कथेचा उत्तरार्ध आपण भक्तिभावाने सांगतो. मला पूर्वार्धही तितकाच मोलाचा वाटतो: कोठार भरलेले होते आणि दाराशी माणसे उपाशी होती. १९७२ च्या दुष्काळातील मिलो ज्वारी आणि सुकडी या सभेतील अनेक ज्येष्ठांनी स्वतः खाल्ली असेल. त्यांना भुकेचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

कोणी विचारील, आता तर रेशनचे धान्य मिळते, मग कोठी कशाला? प्रश्न योग्य आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. हे फार मोठे काम आहे आणि आपली कोठी त्याची जागा घेऊ शकणार नाही. परंतु हे धान्य मुख्यतः तांदूळ आणि गहू असते. डाळ आणि तेल यांचा त्या हक्कात समावेश नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटल्याने काही वृद्धांना हेलपाटे घालावे लागतात. काहींची नावे शिधापत्रिकेवरच नसतात. जिथे सरकारी माप संपते, तिथून आपले माप सुरू व्हावे.

अन्नाने रोगाचा प्रतिबंध होतो, याला आता भक्कम पुरावा आहे. क्षयरोग हा कुपोषणाचा जुना सोबती. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक अभ्यास केला. त्यात क्षयरुग्णांच्या घरातील प्रौढ माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत केवळ रुग्णालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या कुटुंबीयांत क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि संसर्गजन्य फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तांदूळ आणि डाळ यांनी जे साधले, त्याला औषधाच्या तोडीचेच म्हणावे लागेल.

आता कोठी कशी चालवावी याविषयी तीन विनंत्या.

पहिली, शिधा इथल्या जेवणाला साजेसा असावा. रब्बी ज्वारीचे मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झाले आणि दख्खनभर पसरले. त्या गावातील वृद्धांच्या पिशवीत ज्वारी असावीच; सोबत तूरडाळ, शेंगदाणे, तेल आणि मीठ-मिरची असावी. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी पिशवीत काय असावे, ते आपल्या डॉक्टरांनी ठरवावे.

दुसरी, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे युसूफ मुकाती यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. घरोघरचे लोक पोळ्या व भाजी आणून जमा करीत आणि गरजूंना ती जात-धर्म न विचारता मिळे. आपणही पिशवी देताना छायाचित्रे काढू नयेत, फलकावर नावे लावू नयेत. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी शिधा पोहोचवावा. पोहोचवणाऱ्याने दोन घटका बसून विचारपूसही करावी. मुले पुण्या-मुंबईकडे गेलेल्या घरात पोटाइतकीच बोलण्याचीही भूक असते.

तिसरी, कोठी मोठ्या देणगीची वाट पाहत राहू नये. सुगीत शेतकऱ्याने एक पायली ज्वारी द्यावी, गृहिणीने रोज एक मूठ बाजूला ठेवावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी अशा मुष्टिफंडाचा आधार घेतला होता, हे आपण जाणताच.

त्या बाई आज हयात नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या टेबलावर अजून आहे. यापुढे या रुग्णालयातील प्रत्येक डॉक्टरने 'जेवणानंतर' लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर 'नाही' असे आले तर औषधाच्या चिठ्ठीबरोबर कोठीची चिठ्ठीही लिहावी. एवढे झाले, तर आजचा ठराव केवळ कागदावर राहणार नाही.