एकटा जीव सदाशिव

काशीयात्रा ही आपल्याकडे एकट्याने करावयाची गोष्ट कधीच नव्हती. वाटेत अरण्ये, नद्यांचे उतार, चोरांचे भय. त्यामुळे गावातील चार मंडळी निघाली की त्यांच्या संगतीने पाचव्याने निघावयाचे, हीच रीत होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले तेही चुलत्यांच्या सोबतीने. आणि सोबत असूनही बंडाच्या वावटळीत ते असे सापडले की, गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतेपर्यंत वर्षे लोटली. त्यांची ती हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापून निघाली. ती वाचली म्हणजे ‘एकटा काशीस गेला’ या वाक्याचा अर्थ त्या काळी ‘परत आला नाही’ असाच का घेतला जात असेल, हे सहज ध्यानात येते.

१८७० साली मुंबईची आगगाडी जबलपूरमार्गे अलाहाबादेस जाऊन मिळाली. पुढे १८८७ मध्ये राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला. एका मनुष्याने एक वळकटी घेऊन बोरीबंदरावर गाडीत बसावे आणि काशीस उतरावे, हे तेव्हापासून शक्य झाले. वाट सुधारली, परंतु सवय सुटली नाही. आजही काशीस जावयाचे ठरले की प्रथम याद्या होतात, मावशींना विचारले का, शेजारच्यांना सांगितले का, असे करीत मंडळींची संख्या दहावर जाते.

अशा यात्रेस नावे ठेवण्याचे कारण नाही. वृद्धांना हात मिळतो, मुलांना आजोळचा आनंद मिळतो. परंतु तिथे सारा दिवस घड्याळाच्या व एकमेकांच्या ताब्यात असतो. स्नान, विश्वेश्वर, अन्नपूर्णा, काळभैरव, दुपारी शालूंचे दुकान, उद्या गया. मध्येच कोणाची चप्पल हरवते, कोणाचे गुडघे धरतात. घरी आल्यावर स्मरण राहते ते सोबत्यांचे. शहर मागे कोठेतरी धूसर होऊन जाते. मात्र त्या गर्दीतूनही एखाद्याच्या मनात ती नगरी अशी काही भरते की, तिला पुन्हा भेटावे, आणि तेही एकट्याने भेटावे, असे त्याला वाटू लागते. घरच्यांस हे चमत्कारिक दिसते. ‘एकटा जीव सदाशिव’ असे कोणी हसून म्हणतेही. ही म्हण आपण अर्ध्या कौतुकाने व अर्ध्या हेव्याने वापरतो; पण खुद्द सदाशिवाच्या नगरीत तिचा अर्थ जरा निराळा लागतो.

पहाटे कोणाचा चहा व्हावयाचा नसतो, कोणासाठी थांबावयाचे नसते. असा प्रवासी अस्सी घाटावर येतो तेव्हा पुरते उजाडलेले नसते. काशीपाशी गंगा उत्तरवाहिनी होते. त्यामुळे घाटांची ही सारी रांग पूर्वेकडे तोंड करून बसलेली आहे, आणि पैलतीरी, शहरासमोर, वस्ती नसून नुसती वाळू आहे. सूर्य उगवतो तो त्या रिकाम्या वाळूवर. एका तीरावर माणसांची व दगडांची एवढी दाटी, आणि दुसऱ्या तीरावर काहीच नाही! मंडळींसह आलेला मनुष्य नावेत बसतो, नावाडी घाटांची नावे म्हणत जातो आणि चौऱ्याऐंशी घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतात. एकट्याला सबंध नावेचे भाडे परवडत नाही, हे एका अर्थी बरेच. तो सूर्य उजव्या हाताला ठेवून पायीच निघतो.

भदैनी मागे पडते. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, पुढे झाशीची राणी झालेली, ती या भागात जन्मली. अहल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट येतो. आजचे विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली त्यांनीच उभारले. मणिकर्णिकेच्या पुढे शिंद्यांचा घाट. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले तेथील प्रचंड काम आपल्याच भाराने खचले. त्याच्या पायाशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ अंग कलवून उभे आहे, आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. वाटाड्या त्याची एक दंतकथा दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. एकटा प्रवासी मात्र पायरीवर बसून राहतो. एवढ्या ऐश्वर्याने, एवढ्या भक्तीने बांधलेल्या वस्तूलाही नदीने वाकविले, तरी तिच्यातील पूजा थांबली नाही, हे पाहावयास घटकाभर वेळ लागतोच.

पुढे बालाजी घाट. तेथील देवळात बिस्मिल्लाखाँ लहानपणापासून सनईचा रियाझ करीत. २००१ साली भारतरत्न होऊन २००६ साली याच शहरात निवर्तलेल्या त्या कलावंताची साधना झाली ती अशा एकान्तात. मग पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, आणि एकाएकी गल्लीतून मराठी शब्द कानी येतात. त्यांना हिंदीचा हेल असतो. पण हा वास कालपरवाचा नव्हे. एकनाथांनी पैठणास आरंभिलेले भागवत १५७३ साली काशीत पुरे केले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच नगरीतले. घोळक्याने आलेल्यांना येथे कोणाशी बोलण्याची गरज भासत नाही, कारण ती आपापसांतच बोलत असतात. एकट्याला वाट विचारावी लागते, आणि वाट विचारता विचारता ओसरीवर बसावयास मिळते. क्षेत्रोपाध्यायांच्या जुन्या वहीत घराण्याचे नाव शोधण्याइतकी सवड त्यालाच असते. पणजोबांची मोडी सही सापडली, तर ती पाहून गप्प राहण्याची मोकळीकही त्यालाच.

तथापि प्रिय नगरी आपल्या स्मरणासाठी थांबून राहत नाही. विश्वेश्वरापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला, आणि त्यासाठी मधली कितीतरी घरे व गल्ल्या गेल्या. म्हाताऱ्यांची व अपंगांची सोय झाली, हे खरेच. परंतु ज्याने त्या बोळांतील ओल, बैल आणि फुलांचे ढीग मनात जपलेले असतात, तो त्या लखलखीत फरशीवर क्षणभर वाट चुकल्यासारखा उभा राहतो. त्याचे दुःख वाटून घ्यावयास शेजारी कोणी नसते.

मणिकर्णिकेवरही कोणी नसते. बरोबर चार माणसे असली म्हणजे चिता दिसताच कोणीतरी विषय बदलतो. एकट्यासमोर तो विषय तसाच राहतो. येथे आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. याच घाटांवर महाराष्ट्रातून, बंगालातून कितीतरी विधवा एकट्याच येऊन राहिल्या. त्यांना कोणी ‘एकटे जाता का?’ असे विचारले नव्हते. काशीवास या गोड शब्दाखाली त्यांचे उरलेले आयुष्य झाकले गेले. हौसेने घेतलेला एकान्त आणि माथी मारलेले एकटेपण, यांच्यात परतीच्या तिकिटाएवढेच अंतर असते, आणि ते फार मोठे असते. आज कितीएक स्त्रिया स्वखुशीने, पाठीवर पिशवी टाकून, याच पायऱ्या उतरताना दिसतात.

अडचणी नाहीत असे नाही. स्नानास उतरताना कपडे व पैसे बांबूच्या छत्रीखाली बसलेल्या घाटियाच्या भरवशावर सोडावे लागतात. ताप आला तर पाणी देणारा कोणी नसतो. सायंकाळी आरती आटोपून गर्दी पांगली म्हणजे घरची आठवण येतेच.

थंडीच्या दिवसांत काशीत ‘मलइयो’ नावाचा एक पदार्थ मिळतो. तापविलेले दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, आणि वर येणारा केशरी फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात. ऊन चढले की तो विरून जातो. बांधून नेण्याची सोय नाही, गाडीत टिकण्याचा प्रश्नच नाही. प्रवासी एक कुल्हड संपवितो, घरी कोणाला हे किती आवडले असते ते त्याला आठवते, तो दुसरे मागतो, आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यांच्या वाट्याचेही तोच खातो.