वडगावातून धावते काठी

मुंबईहून निघालेली रिले दौड बोरघाट चढून, कामशेत मागे टाकून वडगाव मावळात येते, तोवर पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि काठी घामाने निसरडी. तरी ती पुढच्याच्या हाती द्यायचीच. अवयवदानाच्या प्रचाराला अशी दौड शोभते. काढलेलं हृदय साधारण ४ तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. मूत्रपिंड दिवसभरही तग धरतं. हृदयाला मात्र घाई असते, म्हणून तर पोलीस ‘ग्रीन कॉरिडॉर’ करून रस्ता मोकळा करतात. अवयव काढण्याआधी दात्याचा मेंदू मृत झाल्याची खात्री चार डॉक्टर दोनदा करतात, किमान ६ तासांच्या अंतराने. १९९४ च्या कायद्यानुसार हे बंधनकारक आहे. नुसतं अवयवदानाचं कार्ड भरून मात्र भागत नाही. शेवटी संमती घरच्यांचीच विचारतात. तेव्हा आज रात्री जेवताना विषय काढाच.