पाळणा लांबवणारी गोळी आणि घराची जबाबदारी

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याचा भाव आणि विजेचं बिल यावर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज आम्ही बोलणार आहोत ते अठ्ठावीस गोळ्यांच्या एका पाकिटाबद्दल. हा बायकांचा विषय म्हणून भावांनी चहाला उठू नये. यातला निम्मा विषय तुमचा आहे.

आपल्याकडं अजून कितीतरी घरांत अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, वर्षात पहिलं मूल, त्याच्या पाठोपाठ दुसरं आणि पंचविशीच्या आत बाईचं ऑपरेशन, असा क्रम चालतो. दोन मुलांत अंतर ठेवायचा विचारच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी निम्म्यांच्या जवळपास जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषाची नसबंदी शंभर जोडप्यांत एकाचीही भरत नव्हती. गोळी घेणाऱ्या बायकाही अगदी थोड्या. म्हणजे सगळा भार बाईच्या अंगावर, आणि तोही एकदाच, कायमचा. पहिल्या बाळंतपणातून अंग सावरायच्या आत दुसरं पोट येतं, त्याला आपण नशीब म्हणतो. ते नशीब नाही. माहिती नसल्याची ती किंमत आहे.

महाराष्ट्रात हे सांगणारे आम्ही काही पहिले नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लोकांनी त्यांची टवाळी केली, कोर्टात खेचलं. आज शंभर वर्षांनी तीच गोष्ट आशाताई घरपोच आणून देते. पाकीट दारात आलं, पण बोलणं अजून घरात आलेलं नाही.

गोळी करते काय?

सरकारी पाकिटाचं नाव माला-एन. त्यात एकवीस पांढऱ्या गोळ्या असतात आणि सात काळपट. पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात. ती रोज पोटात गेली की बीजकोषातून बीज बाहेर पडत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. काळपट गोळ्या नुसत्या लोहाच्या. त्या सात दिवसांत पाळी येते.

आता हिशोब बघा. गोळी अगदी नेमानं घेतली तर वर्षभरात शंभरातल्या एकीलाही दिवस जायचे नाहीत. पण प्रत्यक्षात जशी घेतली जाते, विसरत-चुकत, तशी घेतली तर शंभरातल्या सात जणींना दिवस जातात. गोळी तीच, बाईचं शरीर तेच. फरक पडतो तो फक्त नेमाचा. ठिबकचं पाणी चार दिवस बंद पडलं तर दोष रोपाचा नसतो, तसंच हे.

सुरू करण्याआधी

आम्ही डॉक्टर नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो : उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या आणि मगच पाकीट फोडा. शेजारणीला मानवली म्हणून आपल्यालाही मानवेल असं नाही.

ही गोळी कोणी घेऊ नये? ज्यांचं मूल अंगावर पितं आणि सहा महिन्यांच्या आतलं आहे त्यांनी. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, ज्यांना हृदयविकार किंवा लकवा होऊन गेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, यकृताचा मोठा आजार आहे, स्तनाचा कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे त्यांनी. अर्धशिशीच्या आधी ज्यांच्या डोळ्यांपुढं चकाकी किंवा नागमोडी रेघा येतात त्यांनी. पस्तिशी ओलांडलेली आणि विडी ओढणारी बाई असेल तर तिनंही नाही. मशेरी लावत असाल तर तेही न लाजता सांगा. मधेच अंगावरून जात असेल आणि कारण कळलं नसेल, तर आधी तपासणी.

क्षयाची औषधं चालू असतील तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळं गोळीचा जोर कमी होतो. फिट्सच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. ही औषधं मात्र बंद करायची नाहीत. पाळणा लांबवायचा दुसरा उपाय विचारायचा. तांबी आहे, निरोध आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे. 'छाया' नावाची गोळीही आहे, पण ती रोजची नव्हे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं आठवड्यातून एकदा घ्यायची असते. माला-एन आणि छाया यांची गल्लत करू नका.

घ्यायची कशी?

पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली पांढरी गोळी घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून भरवसा मिळतो. नंतर सुरू केली तर दिवस गेले नाहीत याची खात्री करून घ्या आणि पहिले सात दिवस निरोधही वापरा. मग रोज एक, ठरल्या वेळेला. अठ्ठावीस संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, पाळी चालू असो वा नसो.

वेळ कोणती धरायची? आपल्याकडं एक आठवडा वीज दिवसा, एक आठवडा रात्री. दारं धरायला कधी पहाटे दोनला उठावं लागतं. तेव्हा मोटारीच्या वेळेशी गोळी बांधू नका. देवाच्या दिव्याशीही बांधू नका, कारण बऱ्याच घरांत पाळीच्या दिवसांत बाई दिवा लावत नाही आणि मग गोळीही राहते. रात्रीच्या जेवणाशी बांधा. पोटात अन्न असलं की मळमळही कमी होते. एकादशी असो की नवरात्र, गोळी सोडायची नाही.

चुकली तर?

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि त्या दिवसाची तिच्या वेळेला घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतील. पांढऱ्या गोळ्यांतल्या लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घ्या, बाकीच्या राहिलेल्या टाकून द्या, पुढच्या रोज घेत राहा आणि सात दिवस निरोध वापरा. हे शेवटच्या सात पांढऱ्या गोळ्यांत घडलं तर पांढऱ्या संपवून काळपट सोडून द्या आणि सरळ नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात चुकल्या असतील आणि संबंध आला असेल तर तीन दिवसांच्या आत तातडीची गोळी मिळते, आशाताईला विचारा. काळपट गोळी राहिली तर भ्यायचं कारण नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा फोडणं. पांढऱ्या गोळीविना सात दिवस आधीच गेलेले असतात, त्यात आणखी दोन-तीन दिवस पडले की बीज सुटायला मोकळीक मिळते. माहेरी जाताना, दिंडीत जाताना पाकीट पिशवीत आधी टाका. पश्चिम पट्ट्यातल्या, भीमाशंकर-नाणेघाटाकडच्या बहिणींनी पाऊस लागायच्या आत तीन महिन्यांची पाकिटं मागून ठेवावीत. कांदा लागवडीला, टोमॅटोच्या तोडणीला नारायणगाव-मंचरकडं उतरणाऱ्या बायांनीही तसंच करावं.

गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. पाकीट कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. लोहाच्या गोळ्या लहान मुलानं खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

भीती खरी कोणती, खोटी कोणती?

पहिले दोन-तीन महिने मळमळ होते, छाती दुखते, थोडं डोकं दुखतं, मधेच डाग पडतो. बहुतेकींचं हे आपोआप थांबतं. पाळी कमी जाते म्हणून 'घाण रक्त आत साठतं' म्हणतात, ते खोटं. आतलं अस्तरच पातळ बनतं, म्हणून रक्त कमी जातं. पंडुरोगाच्या बाईला त्याचा फायदाच आहे. 'वांझ होते' हेही खोटं. गोळी थांबवली की पुन्हा दिवस राहतात.

खरी भीती थोडी आहे, पण ती ओळखता आली पाहिजे. एका पोटरीत सूज आणि जोराची कळ, छातीत दुखणं किंवा धाप, कधी नव्हे असं डोकं ठणकणं, अचानक कमी दिसणं किंवा बोबडी वळणं, पोटात जोराचं दुखणं, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. सकाळची वाट बघू नका.

दोन पाळ्या चुकल्या, किंवा गोळ्या चुकवल्यावर एकही चुकली, तर तपासणी करा. आणि या गोळीनं गुप्तरोग किंवा एड्स टळत नाही. त्याला निरोधच लागतो.

लपवाछपवी

आमचं मुख्य सांगणं आता. आपल्याकडं पाकीट तांदळाच्या डब्यात, पत्र्याच्या आढ्याला लपवलेलं असतं. सासू बघेल, नवरा विचारेल, म्हणून. जी बाई लपून गोळी घेते ती रक्तदाब मोजायला जात नाही, पाहुणे आले की गोळी चुकवते, पोटरी दुखली तर सांगत नाही. शंभरातल्या त्या सात जणींत अशा बहिणी आहेत. त्यांना दोष द्यायचा नाही. सांगावं की न सांगावं हा तिचा हक्क आहे. लपवावं लागू नये असं घर करणं, हे बाकीच्यांचं काम आहे.

भावांनो, फवारणीचं वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ असतं. कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं नाही हे तुम्ही दुकानदाराला दोनदा विचारता. तेवढी चौकशी घरातल्या गोळीची करा. रात्री जेवताना 'घेतलीस का?' एवढं विचारा. तिला मानवत नसेल तर निरोध तुम्ही वापरा. दोन मुलं झाली असतील तर नसबंदी तुम्ही करून घ्या. बिनटाक्याची असते, थोड्या वेळात होते, नांगर धरायची ताकद जात नाही. आणि सासूबाईंनो, तुमच्या वेळी हे पाकीट दारात येत नव्हतं. सुनेच्या वेळी आलं आहे, ते अडवू नका.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येक गावात एवढं करा. आशाताईला बोलावून ही माहिती बायकांना आणि बाप्यांना एकत्र बसवून द्या. गोळी घेणाऱ्या प्रत्येक बहिणीचा रक्तदाब मोजून घ्या. उपकेंद्रात पाकिटं शिल्लक आहेत का ते विचारा, नसतील तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या. खताची गोणी मिळाली नाही तर आपण तालुक्याला मोर्चा नेतो. पाकीट मिळालं नाही तर गप्प का बसायचं?