गाडी कुणाच्या नावावर?

मी कात्रजहून बोलतेय. एरवी आपण बचत, हप्ता आणि हजेरी यावर बोलतो. आज जरा माझ्या आवडीचा विषय घेते, तो म्हणजे गाड्या! मला लहानपणापासून गाड्यांचं वेड. पाहुणे आले की त्यांना पाणी द्यायचं सोडून मी त्यांच्या गाडीभोवती फिरायची. आई म्हणायची, "हिला नवरा नको, मेकॅनिकच बघा."

कात्रजच्या चौकात दहा मिनिटं उभं राहिलं की माणसं कळतात. एक असतो हॉर्नवाला. सिग्नल लाल, पुढे पीएमपीची बस, तरी ह्याचा हॉर्न चालूच. बस काय उडून जाणार आहे? दुसरा फोनवाला. खांदा आणि कान यांच्यात फोन धरलेला, त्यामुळे मानही वाकडी आणि गाडीही वाकडी. तिसरा स्वतः उलट्या बाजूनं येतो आणि समोर बाई दिसली की म्हणतो, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच!"

चौथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. काही ट्रकवाले डिझेल वाचवायला तिथं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला लागणारी हवा भरली जात नाही आणि गिअरचा रोधही राहत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला याच पुलाजवळ एका ट्रकनं अनेक गाड्यांना धडक दिली होती. आपली स्कूटरसुद्धा उतारावर बंद करून सोडू नका. दोन रुपयांचं पेट्रोल वाचवायला जीव पणाला लावायचा नाही.

आपल्या पुण्यात बाया दुचाकीवर बसायला काही आज लागल्या नाहीत. १९७२ साली लूना आली. १९८४ साली कायनेटिक आणि होंडा एकत्र आले आणि बिनगिअरची, बटणावर चालू होणारी स्कूटर निघाली. किक मारताना साडी सावरायची कटकट गेली. पण शोरूमवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही!

त्याचीच गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एक मावशी पोळी-भाजीचे डबे करतात. डबे पोचवायचा पुतण्या. त्याचा मूड असला तर डबा बाराला, नाहीतर दोनला. दोन गिऱ्हाईकं तुटली तेव्हा मावशी म्हणाल्या, "आता मीच शिकते." शिकाऊ लायसन्स काढलं, मैदानात दोनदा पडल्या, तीस दिवसांनंतर परीक्षा देऊन पक्कं लायसन्स घेतलं.

मग मी आणि मावशी शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा आमच्या मागे दाराकडे बघत म्हणाला, "ताई, साहेब नाही आले?" मावशी म्हणाल्या, "साहेब मीच. बोल." मग त्यानं रंग दाखवायला सुरुवात केली. गुलाबी छान दिसेल म्हणे! मावशींनी विचारलं, "डिकीत किती डबे बसतील?" पोरगा गप्प.

पुढे आला हिशेब. ३५ हजार रोख आणि ६० हजार कर्ज. तो म्हणाला, "फक्त १० टक्के व्याज, ३ वर्षं. तुमच्या गटात १२ टक्के असेल ना?" ऐकायला स्वस्त वाटलं. पण ते व्याज फ्लॅट होतं. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६० हजारांवरच. वर्षाला ६ हजार, तीन वर्षांचे १८ हजार. आपल्या गटात शेकडा १ रुपया महिना, पण तो उरलेल्या मुद्दलावर. दरमहा सारखं मुद्दल फेडलं, तर ३६ महिन्यांचं व्याज होतं ११ हजार १००. सांगा, महाग कोण?

पावतीत "हँडलिंग" नावाची एक रक्कमही होती. मावशींनी विचारलं, "हँडल गाडीला लावलेलंच आहे ना? मग वेगळे पैसे कसले?" ती रक्कम निघाली. विमा त्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते, दोन ठिकाणी भाव विचारा. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, तेवढा चुकवू नका. आणि गाडीबरोबर हेल्मेट मागून घ्या. ते नियमातच आहे.

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. मुलगा म्हणाला, "आई, गाडी माझ्या नावावर घे, पुढे कटकट नको." मावशी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हप्ता माझ्या नावावर चालतो, मग गाडी का नाही?" घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी मुलानंच फॉर्म भरून दिला.

आता डबे बाराला पोचतात. पुतण्याला गाडी हवी असेल तर तो आधी मावशींना विचारतो.

तर मैत्रिणींनो, गाडी घ्यायला जाताना गटातली एक मैत्रीण आणि एक कोरी वही बरोबर न्या. रंग नंतर निवडा, आधी एकूण व्याज रुपयांत लिहून मागा. आणि पैसे तुमचे असतील तर आरसी बुकावर नावही तुमचंच असू द्या.

भेटू पुढच्या वेळी. हेल्मेट घालून या. नमस्कार.