साठ शिलिंगांची कबर



विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते त्याच्या मरणाविषयी. कारण त्या वेळी एक जुने, थकलेले देणे वसूल झाले.

१०८७ साली फ्रान्सच्या राजाशी लढताना विल्यमने मांत हे गाव जाळले. तेथेच त्याला दुखणे जडले आणि ९ सप्टेंबरला रूआँ शहराबाहेरच्या मठात त्याने प्राण सोडला. सरदार लगोलग घोड्यांवर बसून आपापली मालमत्ता सांभाळायला पळाले. मागे राहिलेल्या नोकरांनी हत्यारे, भांडी, कपडे उचलले आणि प्रेत जवळजवळ उघडे टाकून पोबारा केला. (त्यांचा पगार किती थकला होता, हे बखरकार लिहीत नाही!) अखेर हेर्लुइन नावाच्या एका खेडवळ सरदाराने पदरमोड करून प्रेत काँ शहरी पोहोचविले.

हे सारे ऑर्डेरिक नावाच्या मठवाशाने पुढे काही वर्षांनी लिहिले. त्याला उपदेशाची हौस फार. तेव्हा थोडा मीठमसाला धरून चालावे. पण पुढचा प्रसंग मला खरा वाटतो. दुसऱ्या एका बखरकारानेही तो सांगितला आहे, रक्कम तेवढी निराळी.

काँचा मठ आणि त्याचे चर्च विल्यमनेच उभारलेले. तेथे खड्डा तयार होता. बिशपने प्रवचन केले आणि राजाने कोणाचा अपराध केला असेल तर क्षमा करा, असे लोकांना विनविले. तोच आर्थरचा मुलगा आस्सेलिन गर्दीतून पुढे आला. ही जागा माझ्या बापाच्या घराची. या माणसाने ती जबरीने घेतली. माझ्या मातीत याला पुरू देणार नाही, असे त्याने सर्वांदेखत सांगितले.

आता पाहा, राजा जिवंत असता तर ही तक्रार कोणी ऐकली असती? आस्सेलिनने वेळ अचूक साधली. प्रेत कुजू लागलेले, बिशप खोळंबलेले, काम अडलेले! आमच्या चळवळीतल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय तो एकटा पडला नाही. शेजाऱ्यांना विचारले, तर त्यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. मग कबरीपुरत्या जागेचे साठ शिलिंग तेथल्या तेथे मोजले गेले. उरलेल्या जमिनीचा मोबदला देण्याचे वचन मिळाले आणि ते पुढे पाळलेही गेले.

त्यानंतरच राजाला खाली उतरविले. दगडी पेटी आखूड निघाली. प्रेत दडपताना फुटले. धूप जाळूनही दुर्गंधी हटेना. पुरोहितांनी विधी कसाबसा उरकला आणि ते बाहेर पडले.