मूठभर मातीचे वरदान

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणारे कल्पित जगातील वीरांच्या भूमिका घेतात. ‘एल्फ’ या दीर्घायुषी वनवासी जमातीचा झगा पांघरला, की वीर जवळजवळ अदृश्य होतो!

असेच झगे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीत आहेत. एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल प्रवाशांना निरोपाच्या भेटी देते. सॅम या माळ्याला मिळते ती तिच्या फळबागेतील मातीची लहानशी डबी. युद्धात तिचा काय उपयोग? परंतु तो गावी परततो, तेव्हा दुष्टांनी झाडे तोडून मुलूख उजाड केलेला असतो. सॅम ती माती केवळ स्वतःच्या बागेत घालीत नाही. जेथे जेथे सुंदर झाड पडले, तेथे तेथे तो रोप लावतो आणि मुळाशी एकेक कण ठेवतो. पुढल्या वसंतात सारा मुलूख बहरून येतो.

वरदान लाभणे हे भाग्य. ते वाटून देणे हे कर्तृत्व. झगा एका वीराला लपवितो; मूठभर माती मात्र साऱ्या गावाला सावली देते.