दिल्लींतील गोल इमारत आणि रयतेची जागा
(गांवच्या चावडीपुढें दिलेलें भाषण)



देऊळ बांधलें गवंड्या-पाथरवटांनीं. पण गाभाऱ्यांत कोण आणि पायरीवर कोण, हें ठरविलें दुसऱ्यांनींच. दिल्लीच्या जुन्या संसदभवनाकडेही मी याच नजरेनें पाहतों.

त्याची कोनशिला 12 फेब्रुवारी 1921 रोजीं बसली. आराखडा ल्युटेन्स व बेकर या इंग्रज शिल्पज्ञांचा. 18 जानेवारी 1927 रोजीं व्हाइसरॉय आयर्विन यांनीं तें उघडलें. इमारत गोल, भोंवतीं वालुकाश्माच्या 144 खांबांची ओसरी. ते तासणाऱ्यांचीं नांवें आपल्या कानांवर कधीं आलीं नाहींत.

आंत मधोमध घुमटाचें दालन, भोंवतीं तीन सभागृहें : एक कायदेमंडळाचें, दुसरें वरिष्ठ सभेचें, तिसरें नरेंद्रमंडळाचें. राजेमहाराजांना स्वतंत्र दालन! रयतेचें कोणतें? मताचा हक्क मिळकतवाल्यांना व कर भरणाऱ्या थोड्यांना, मजूर-बलुतेदार बाहेर. मिठावरचा कर मात्र त्यांच्याही भाकरींतून वसूल होत होता.

पुढें भिंती त्याच राहिल्या, धनी बदलला. मधल्या दालनांत 9 डिसेंबर 1946 रोजीं घटनासमिती बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदासमितीचे अध्यक्ष झाले. आपल्या चळवळीचे केशवराव जेधेही घटनासमितींत होते. 26 नोव्हेंबर 1949 रोजीं राज्यघटना स्वीकारली गेली आणि कुळाचें मत जमीनदाराच्या मताइतकेंच वजनदार झालें. राजांच्या दालनांत तर 1950 पासून 1958 पर्यंत सर्वोच्च न्यायालय भरत असे. मला ही गोष्ट फार आवडते.

28 मे 2023 रोजीं शेजारीं त्रिकोणी नवें भवन उघडलें. तेथें लोकसभेला 888 आसनें आहेत. जुन्याला आतां संविधान सदन म्हणतात.

इमारत कोणतीही असो, आपलें काम आहे तें प्रश्नोत्तराच्या तासाशीं. कराचें विधेयक प्रथम लोकसभेंतच यावें लागतें, हें खरें. पण कांद्याची निर्यात सरकारी अधिसूचनेनेंही थांबते, त्याला नवा कायदा लागत नाहीं. तेव्हां मंत्र्याला "कां थांबविली?" असें सभागृहांत विचारण्याचा अधिकार आपल्या खासदाराला आहे. तो त्यानें वापरला कीं नाहीं, हें मत मागायला आल्यावर विचारतां काय? कीं जेवणावळ आणि जातभाईपणा यांवरच भागतें?

खासदारांचे प्रश्न व मंत्र्यांचीं उत्तरें संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी-हिंदींत प्रसिद्ध होतात. ज्याला वाचतां येत नाहींत त्यानें रविवारीं शाळेंत यावें. मी मराठींत सांगेन. बायांनींही यावें.